कोणाच्या हातून

आमच्या गल्लीत कुणाच्या हातून काही खाली पडलं, की त्या आवाजापाठोपाठ दुसरा एक आवाज येत असे. पहिला आवाज वस्तूगणिक निराळा. वाटीचा घरंगळत लांबत जाणारा, काचेचा एकदाच आणि अखेरचा, सुईचा तर असून नसल्यासारखा. दुसरा मात्र ठरलेला. सामाईक भिंतीपलीकडून, खर्जातला, ओल्या मातीवर घमेलं टेकवावं तसा: "कुनी हलू नगा."

आणि आम्ही हलत नसू. माझी आई एकदा डाव्या पायावर उभी राहिली होती, कारण आज्ञा आली तेव्हा तिचा उजवा पाय हवेत होता. शेगडीवरचं दूध वर आलं, कडेवर क्षणभर थबकलं आणि उतू गेलं. करपलेल्या सायीचा गोडसर वास घरभर पसरला, पण कुणी गॅसपर्यंत गेलं नाही. तेवढ्यात सेवानिवृत्त पोलीस हवालदार लिंबाजी ओव्हाळ, मुख्यालयाच्या शस्त्रागारात अवघी नोकरी काढलेले आर्मरर, म्हणजे शस्त्रांची निगा राखणारे, उंबऱ्याशी चपला काढून आत आले आणि कुकरच्या शिट्टीच्या तपासाची सूत्रं त्यांनी हाती घेतली.

लिंबाजीकाका उंच होते, पण मान खाली घालून चालत. पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि त्यावर, कुणीही न विचारता, खात्याचा रुंद चामडी पट्टा. अंगाला यंत्राच्या तेलाचा आणि तंबाखूचा एकत्र वास. बोटांच्या रेषांत पोलादाचा करडा रंग कायमचा मुरलेला. गल्लीतल्या बायकांना त्यांच्या खालच्या नजरेचं फार कौतुक होतं. एवढा पोलीसखात्यातला माणूस, पण कधी वर पाहून बोलला नाही, असं त्या म्हणत. काका मर्यादेनं खाली बघत नसत, फरशी तपासत असत. माणसं त्यांना पावलांवरून ओळखू येत. चेहऱ्यांचा त्यांना फारसा उपयोग नव्हता.

निवृत्तीनंतर त्यांनी जो उद्योग मांडला, त्याला कुठल्याही सरकारी यादीत नाव नसावं. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे आणि ती पुसताना ज्यांच्या हातून एखादी पिन, स्प्रिंग किंवा स्क्रू उडून गेला आहे, अशांच्या घरी जाऊन ते तो भाग शोधून देत. बंदुकीला हात लावत नसत. "दुरुस्तीला परवाना लागतो, बाई," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. "शोधायला लागत न्हाय." मी महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणत आणि तुम्ही म्हणत, मी त्यांना काका म्हणत असे.

या उद्योगाला गिऱ्हाईक कुठून मिळत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण आमच्या जिल्ह्यात बंदूक बाळगणाऱ्या प्रतिष्ठितांची वाण नाही. परवान्यावर शेतीसंरक्षण असं लिहिलेलं असतं आणि ते वाचण्याची संधी रानडुकरांना कधी दिली जात नाही. डुकरं त्यामुळे निर्धास्त राहतात. बंदूक कपाटात, लोकरी शालीखाली, लग्नातल्या शेरवानीशेजारी झोपून असते. वर्षा-दोन वर्षांतून मालक तिला दिवाणखान्यात आणतो, मांडीवर घेऊन फोटो काढतो, पुन्हा निजवतो. काकांचं या सगळ्या शस्त्रसंभाराविषयीचं मत एका वाक्याचं होतं. "डुक्कर तेरखेड्याच्या फटाक्यानं पळतं. बंदुकीनं नुस्तं पाव्हणं दबकतं."

निवडणूक जाहीर झाली, की मात्र या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथं शिपाई बंदूक हातात घेतो, उघडतो, आत डोकावतो, पावतीवर तिची स्थिती लिहितो. पाच वर्षांची धूळ त्या शिपायाला दिसेल, या लाजेनं मालकाला आदल्या दिवशी साफसफाईची हुक्की येते. मग कांदा चिरायच्या सुरीनं स्क्रू उघडले जातात आणि ज्या स्प्रिंगला वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं ती, पहिली संधी मिळताच, घर सोडून जाते. आता अर्धवट बंदूक जमा करावी तर प्रश्न येतात, न करावी तर परवाना जातो. कवींचा जसा वसंत, तशी लिंबाजीकाकांची आचारसंहिता. त्या दिवसांत त्यांच्या दाराशी जीपगाड्या उभ्या राहत.

मोबदला ते घेत नसत. घेत ती सही. एक शंभर पानी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, जुन्या पोलिसी सवयीनं रकाने आखलेली. काय हरवलं, कुठं, कोणाच्या हातून, कुठं सापडलं, सही. सापडलेली वस्तू मालकाच्या तळव्यावर ठेवण्याआधी हे सारे रकाने भरले जात आणि त्यातला तिसरा भरताना भल्याभल्यांना लेखणी जड होई. कुणी लिही 'आपोआप'. कुणी 'मांजर'. वाशीकडच्या एका माजी सभापतींनी 'वारा' असं लिहिलं, तेव्हा काकांनी वही परत त्यांच्यापुढं सरकवली आणि शांतपणे विचारलं, "वारा सही करतो का?"

त्यांचा हात कापू लागला तेव्हा वही माझ्याकडे आली. मी त्यांची लेखनिक झाले. पहिल्याच नोंदीत मी 'एक चिमुकली, चंदेरी स्प्रिंग' असं लिहिलं. त्यांनी वाचायला लावलं आणि ऐकलं. मग म्हणाले, "चिमुकली कशाला? हरवल्याली वस्तू हाय, बारशाची पोर न्हाय. लांबी लिवा." माझी अनेक विशेषणं त्या वहीत खोडलेली आहेत. कवितेच्या वर्गात ज्या आवरासावरीचे धडे मी इतरांना देत असे, ते मला स्वतःला या माणसानं शिकवले, आणि तेही तंबाखू मळता मळता.

शोधण्याची त्यांची रीत साधी होती, पण तिच्यात मंत्रासारखा क्रम होता. आधी सगळ्यांनी थांबायचं. मग मालकानं पुन्हा त्याच जागी, त्याच आसनात बसायचं. मग हरवलेल्या भागासारखाच दुसरा भाग, त्याच उंचीवरून, त्याच हातानं सोडायचा. या दुसऱ्या भागाला ते 'जामीन' म्हणत. दुनळी बंदुकीचं त्यांना म्हणून कौतुक होतं: एका नळीची पिन गेली तरी दुसरीची जामिनाला हजर. जामीन खाली पडे, उडे, घरंगळे, आणि काका डोळे मिटून ऐकत. वस्तू पडली की डोळे उघडे ठेवणारा माणूस मूर्ख, असं त्यांचं ठाम मत होतं. डोळे फक्त जिथं उजेड आहे तिथंच शोधतात. कान मात्र कोपऱ्यात जातो, पलंगाखाली जातो. ऐकून झालं, की ते बोट दाखवत. बहुधा दोन्ही भाऊ एकाच फटीत सापडत. कधी जामीनही फरार होई. तेव्हा काका जराही विचलित न होता म्हणत, "आता दोगं हायेत. एकाला एक सोबत झाली."

बेंबळीकडचे बापूसाहेब हे त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. जमीन भरपूर, आवाज त्याहून भरपूर. त्यांनी बंदूक पुसायला जागा निवडली ती घराच्या गच्चीवर, जिथं ज्वारी वाळत घातली होती. पिन उडाली. बापूसाहेबांनी घाबरून आरोळी दिली, आणि आरोळीचा अर्थ पाऊस आला असा घेऊन घरच्या मंडळींनी सारी ज्वारी झरझर पोत्यांत भरली. आम्ही पोचलो तेव्हा गच्ची लख्ख रिकामी होती, पिन कोठीतल्या कुठल्याशा पोत्यात होती आणि बापूसाहेब एक एक पोतं ओतून डोळ्यांनी बघत होते. ज्वारीचा कोरडा, उन्हाचा वास घरभर. बापूसाहेबांच्या मिशीवरसुद्धा बारीक भुसा.

काकांनी कोठीच्या दाराशी उभं राहून विचारलं, घरात सूप धरणाऱ्या बायका किती. पाच निघाल्या. त्यांनी त्या पाचजणींना ओळीनं बसवलं, पुरुषांना बाहेर काढलं आणि पाखडायला सांगितलं. "बघू नगा. ऐका." सुपांचा तो आवाज मला अजून येतो. पाच लाटा एकामागून एक किनाऱ्याला लागाव्यात तसा, मऊ, दाणेदार, सारखा. बऱ्याच वेळानं मधल्या म्हातारीचं सूप अर्ध्यातच थांबलं. तिनं मान वर केली नाही. "वाजलं," एवढंच म्हणाली. सगळ्या घरात तिच्या कानाची किंमत त्या दिवशी प्रथमच कुणीतरी केली असावी.

सही झाली. बाहेर ओसरीवर चहा आला. मला, बापूसाहेबांना, ठाण्याहून आलेल्या शिपायाला कपबशीतून. काकांना कागदी पेल्यातून. त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्याला, पेला चापून चपटा केला आणि खिशात घातला. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "लई आधुनिक झाल्यात ही लोकं, बाई. बापाच्या वक्ताला आमचा पेला गोठ्यात पालथा असायचा. आता कागदाचा आला. प्रगती हाय." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा: "पर कोठीपतूर गेलो. आमच्या घरातला त्यांच्या कोठीपतूर गेलेला म्या पयला. त्याला पिन हरवावी लागली."

हरवलेल्या भागाच्या जागी भलतंच काही बसवणाऱ्यांवर मात्र त्यांचा खरा राग होता. भूमच्या एका कंत्राटदारांनी बंदुकीचा गेलेला स्क्रू शोधण्याची यातायात न करता बायकोच्या शिलाई मशीनचा स्क्रू तिथं बसवला होता आणि ते कौशल्य दाखवायला त्यांनी काकांना बोलावलं होतं. काकांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि तीन पावलं मागं सरले. सोलापूरला परवान्याचं दुकान आहे, तिथं बंदूक न्या, खरा भाग घाला, तोवर तिला उघडू नका, काडतुसाजवळ ठेवू नका, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. कंत्राटदार हसत म्हणाले, की चार वर्षं झाली, काही झालं नाही. "त्ये बंदुकीची माणुसकी," काका म्हणाले. मग वळून मला वहीत नोंद करायला लावली. काय हरवलं: शिलाई मशीनचा स्क्रू. कोणाच्या हातून: नवऱ्याच्या. सही आतून कंत्राटदारांच्या पत्नीनं पाठवली, मोठ्या आनंदानं. तिचं मशीन चार वर्षं बंद होतं.

या वहीचं पहिलं पान मी फार उशिरा पाहिलं. ते काकांच्या स्वतःच्या हातचं होतं, हात स्थिर असतानाचं. अक्षर टपोरं, शाळेच्या फळ्यावर असावं तसं. काय हरवलं: रायफलीची स्प्रिंग. कुठं: मुख्यालय, दसऱ्याची पूजा. पुढचे तिन्ही रकाने कोरे. मी विचारलं. ते म्हणाले, जुनं हाय, ऱ्हाऊ द्या. मग ती कहाणी मला प्रयागकाकूंनी, त्यांच्या पत्नीनं, अंबाडीची पानं खुडता खुडता सांगितली. काकांवर त्या सदैव चिडलेल्या असत, पण या गोष्टीवर त्या काकांच्या वतीनं चिडत.

दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते. पटांगणात सतरंजीवर रायफली मांडतात, त्यांच्यावर झेंडूचा ढीग, आपट्याची पानं, उदबत्त्या. त्या वर्षी पाहुणे आले होते आणि तेव्हाच्या साहेबांना पाहुण्यांपुढं एक रायफल डोळे मिटून खोलून दाखवण्याची लहर आली. साहेबांनी उघडली. बोल्टाच्या तोंडाशी बसणारी, चिंचेच्या पानाएवढी पोलादी स्प्रिंग उडाली आणि झेंडूच्या ढिगात शिरली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी रायफल लिंबाजींच्या हाती दिली, खालच्या आवाजात "लिंबाजी, सांभाळून घे" असं म्हणाले आणि फोटोला गेले.

लिंबाजींनी सांभाळून घेतलं. त्यांना वाटलं, संध्याकाळपर्यंत सापडेल; सापडल्यावर कोणाच्या हातून गेली हे विचारतो कोण? पण संध्याकाळपर्यंत फुलं ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकली गेली होती. दोन दिवस ते त्या ढिगात बसून होते. झेंडूचा तो उग्र, किंचित कडवट वास. बोटं पिवळी, नखं केशरी. ढिगातली फुलं एका गायीनं खाल्ल्याचं कळलं, तेव्हा पुढचे दोन दिवस ते त्या गायीच्या मागं फिरले. गायीनं चौकशीला सहकार्य केलं नाही. साहेबांनीच चौकशी नेमली, स्वतःच केली आणि आर्मररच्या हलगर्जीपणामुळे शस्त्राचा भाग गहाळ झाल्याचा निष्कर्ष स्वतःच काढला. महिन्याभरात दुसरी स्प्रिंग आली, रायफल पूर्ववत झाली. काकांच्या सेवापुस्तिकेत शिरलेल्या 'हलगर्जीपणा' या शब्दाला मात्र बदली शब्द कधी आला नाही. फीत वाढली नाही. हवालदार होते ते हवालदारच घरी गेले.

"एक नाव सांगायचं व्हतं," काकू म्हणाल्या. "त्येवढं तोंडातून निगालं न्हाय. आता गावभर लोकांच्या सया घेत फिरतंय."

तेच साहेब निवृत्तीनंतर आमच्या धाराशिवलाच स्थायिक झाले. बंगला, बाग, दुनळी. गेल्या निवडणुकीच्या वेळी एका सकाळी त्यांची गाडी आमच्या गल्लीत आली. चालक म्हणाला, साहेबांनी आठवण केली आहे. काकांनी पट्टा कसला. मला म्हणाले, "वही घ्या, बाई." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बोटांनी पट्ट्याचं बक्कल तीनदा चाचपलं.

बंगल्याच्या पायरीशी घरकाम करणारी रेणुका उभी होती. तिची प्लास्टिकची पिशवी उलटी करून ओट्यावर रिकामी केली होती: फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी, कंगवा, गोळ्यांचं अर्धं पाकीट. टेबलावर काढून ठेवलेला बंदुकीचा स्क्रू नाहीसा झाला तेव्हा ती त्या खोलीत केर काढत होती. दोन तासांपासून ती उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर त्या दोन तासांचं ऊन होतं. काकांनी तिच्या पायांकडे पाहिलं, भाकरींकडे पाहिलं आणि आत गेले.

साहेब आता स्थूल झाले होते. केस रेशमी पांढरे, आवाज गुळगुळीत. "ये लिंबाजी. आपली जुनी दोस्ती," असं म्हणाले. त्या बाईला ठाण्यात न्यावं की काय, असा विचार चालू असल्याचंही त्यांनी सांगितलं. बंदूक त्याच दिवशी जमा करायची होती. काकांनी साहेबांना पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच आसनात बसायला सांगितलं. दुसऱ्या बाजूचा तसाच स्क्रू साहेबांनी स्वतःच काढला, आणि काकांनी त्यांना तो टेबलाच्या कडेवरून हलकेच ढकलायला लावला. काकांनी डोळे मिटले.

स्क्रू पडला. मी कान टवकारले. पंखा फिरत होता, लांब कुठंतरी कोकिळेसारखी एक रिक्षा ओरडली. फरशीवर काहीही वाजलं नाही.

"हलू नगा, साहेब," काका म्हणाले.

साहेब उठू पाहत होते. एक पाय खाली, एक किंचित उचललेला. ते तसेच थांबले. अख्ख्या जिल्ह्याला सावधानमध्ये उभं केलेला तो माणूस एका निवृत्त हवालदाराच्या तीन शब्दांनी अर्धवट उठलेल्या स्थितीत गोठला, ते दृश्य मी मनात जपून ठेवलं आहे. काका गुडघ्यांवर बसले, साहेबांच्या पँटच्या दुमडलेल्या पायात दोन बोटं घातली आणि एक स्क्रू काढला. मग दुसरा. मग एक शेंगदाण्याचं फोलपट. जामीन आणि फरारी एकाच दुमडीत मुक्कामाला होते.

साहेब मोठ्यानं हसले, हात पुढं केला. काकांनी मूठ मिटली आणि मला वही उघडायला सांगितली. साहेब म्हणाले, सापडलं ना, झालं तर मग, लिहायचं काय त्यात?

"बाई भाईर उभी हाय, साहेब. तिला घरी जायचंय."

तिसऱ्या रकान्यात साहेबांनी 'नजरचुकीने' असं लिहिलं. काकांनी मला ते वाचायला लावलं आणि म्हणाले, नजरचूक हे कुणाचं नाव नाही. ठाण्याची वेळ जवळ येत होती. शेवटी साहेबांनी तो शब्द खोडला, आपलं नाव लिहिलं, सही केली. काकांनी रेणुकेला आत बोलावलं आणि ती नोंद मला मोठ्यानं वाचायला सांगितली. मी वर्गात वाचते त्या आवाजात वाचली. कोणाच्या हातून, या शब्दांनंतर मी किंचित थांबले. तेवढी कला मला माफ व्हावी. रेणुकेनं पदर सावरला, बाहेर जाऊन भाकरी पुन्हा फडक्यात बांधल्या आणि फाटकाबाहेर पडली. त्या बंगल्यात ती पुन्हा कामाला गेली नाही, असं नंतर कळलं.

काकांनी दोन्ही स्क्रू साहेबांच्या तळव्यावर ठेवले. मग माझ्या हातून वही घेतली, पहिलं पान उघडलं आणि दोन्ही हातांनी, पूर्वी फाइल धरत असतील तशी, साहेबांपुढं धरली.

साहेबांनी वाचलं. वाचलं हे मला नक्की ठाऊक आहे, कारण त्यांचे डोळे तिसऱ्या रकान्याशी येऊन थांबले आणि तिथल्या कोऱ्या जागेवर, पाण्याच्या थेंबावर माशी बसावी तसे, काही वेळ बसून राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "अक्षर बारीक आहे रे. हल्ली अंधुक दिसतं."

"व्हय, साहेब," काका म्हणाले. "लई जुनं हाय."

वही मिटली. परतताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्या बाईचं काम झालं."

पुढच्या वर्षी साहेब गेले. झेंडूचेच दिवस होते. बाजारात पोत्यांनी फुलं आली होती आणि साऱ्या शहराला तो कडसर वास लागला होता. शोकसभेला काका जाणार नाहीत, असं काकूंना वाटलं होतं, मलाही. पण ते पट्टा कसून दारात आले. नजर तोवर फार अधू झाली होती; माझ्या दंडाला धरून चालत होते. मंगल कार्यालयाच्या दालनात साहेबांचा मोठा फोटो होता, गणवेशातला, आणि त्याच्यापुढं झेंडूचा गुडघाभर ढीग. भाषणं झाली. एका वक्त्यानं सांगितलं, की साहेबांच्या कारकिर्दीत मुख्यालयातून सुईसुद्धा कधी हरवली नाही. काकांनी तो वक्ता कुठं उभा आहे, ते मला हळूच विचारलं, मी दाखवलं. त्यांनी त्याच्या दिशेनं मान डोलावली.

मग सूत्रसंचालकानं विनंती केली, की सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

सगळं दालन उभं राहिलं. खुर्च्या थांबल्या, पावलं थांबली, खोकलेसुद्धा थांबले. शंभरेक माणसं जिथल्या तिथं, जराही न हलता. असं संपूर्ण, शिस्तशीर न हलणं लिंबाजीकाकांना आयुष्यात कुठल्याही घरात मिळालं नसावं. माझ्या दंडावरचा त्यांचा हात सुटला. ते पुढं गेले, फोटोसमोर गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले, आणि त्यांची दहा बोटं झेंडूच्या ढिगात शिरली.

ती फुलं त्या दसऱ्याची नव्हती, ती जागाही नव्हती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण बोटं ठाऊक असण्यावर चालत नसतात. ती एक एक फूल उचलत होती, चिमटीत दाबत होती, बाजूला ठेवत होती. डावीकडून उजवीकडे, थरामागून थर, तीस वर्षांपूर्वीच्या त्या दोन दिवसांसारखी. पाकळ्यांचा अगदी पुसट, ओला आवाज त्या शांततेत मला ऐकू येत होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांचे डोळे भरून आले. साहेबांवर केवढा जीव होता बघा, असं ते माझ्या कानाशी कुजबुजले. असे शिपाई आता राहिले नाहीत.

सूत्रसंचालकानं धन्यवाद म्हटलं. माणसं हलली, खुर्च्या करकरल्या, कुणाचा तरी फोन वाजला. साहेबांच्या मुलानं पुढं होऊन काकांना खांद्याला धरून अदबीनं उठवलं आणि फोटोग्राफरनं ते टिपलं.

पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड पुन्हा धरला. माझ्या पांढऱ्या बाहीवर त्यांच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले. त्या साडीवरच्या पोलक्याला ते डाग अजून आहेत. त्या महिन्यात माझी बदली झाली आणि काकांना मी पुन्हा पाहिलं नाही. वही त्यांच्याकडेच राहिली. पहिल्या पानावरचा तिसरा रकाना मी शेवटचा पाहिला, तेव्हा कोराच होता.

त्या दिवशी फाटकाशी आल्यावर त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली, वास घेतला आणि जमिनीकडे बघत म्हणाले,

"वेळ लई कमी दिला, बाई."